मुंगूस : घरचे की अंगणाचे?

जळगावहून निघून अमळनेर, दोंडाईचे, नंदुरबार, नवापूर अशी स्थानके घेत येणारी ताप्ती खोऱ्यातील आगगाडी जेथे मुंबई-अहमदाबादच्या मोठ्या मार्गास मिळते, ते ठिकाण म्हणजे उधना. सुरतेच्या दक्षिण अंगास वसलेल्या या औद्योगिक वस्तीत खानदेशातील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी येऊन राहिली आहेत. आमच्या वाचकांपैकीही कित्येकांचा मुलगा, भाऊ किंवा जावई तेथील यंत्रमागावर वा कापडरंगाईच्या कारखान्यात पाळीवर जात असेल. रात्रंदिवस मागांचा खडखडाट, गल्लीगल्लीतून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या गाड्या आणि एका खोलीत सहा-सात माणसे, असे हे जीवन आहे. अशा ठिकाणी रानातला जीव कोठून येणार, असे गावाकडील वाचकांस वाटेल. तथापि कारखान्यांच्या आवारामागील गवत, रूळांच्या कडेची झुडपे आणि खाड्यांचे काठ यांमधून एक चपळ, करडा, लांबट प्राणी भरदिवसा सरसर धावताना दृष्टीस पडतो. ते आपले जुने ओळखीचे मुंगूस.

या मुंगसाविषयी चार शब्द लिहिण्याचे प्रयोजन असे की, त्याचे पिलू सापडले असता ते घरी पाळावे काय, हा प्रश्न अलीकडे आम्हांस एकाहून अधिक घरांतून विचारण्यात आला आहे. त्याच्या जोडीला आणखी एक नवा प्रश्न आहे. मोबाईलच्या पडद्यावर परदेशी घरांतून खेळणारे 'फेरेट' नावाचे गोजिरवाणे जनावर पाहून आमची मुले म्हणतात, "हे तर आपले मुंगूसच! मग त्यांनी पाळावे आणि आम्ही का पाळू नये?" मुलांचा प्रश्न रास्त आहे, आणि रास्त प्रश्नास केवळ "गप्प बैस" हे उत्तर नव्हे.

दिसण्यात भाऊ, कुळात परके

प्रथम हे सांगितले पाहिजे की मुंगूस आणि फेरेट हे एकमेकांचे सोयरे नव्हेत. दोघांचे अंग लांब, पाय आखूड व तोंड निमुळते, म्हणून ते सारखे भासतात इतकेच. फेरेट हे पाणमांजराच्या कुळातील, तर मुंगूस हे मांजर व तरस यांच्या शाखेत मोडणारे. आपल्याकडील करड्या मुंगसाचे धड सुमारे हातभर आणि शेपूट जवळजवळ तेवढेच लांब असते. वजन एक ते दीड किलोच्या आसपास. त्याच्या प्रत्येक केसावर फिकट व गडद असे आळीपाळीने पट्टे असतात. त्यामुळे ते राखेसारखे करडे दिसते आणि सुकलेल्या गवतात क्षणात नाहीसे होते.

आमच्या वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथेच नमूद करतो. इंग्रजीत या प्राण्यास जे नाव आहे ते आपल्या मराठी 'मुंगूस' या शब्दावरूनच गेलेले आहे. पोर्तुगीज लोकांनी तो शब्द आपल्या किनाऱ्यावर ऐकला व पुढे तो युरोपात पोहोचला. कोकणात व देशावर मुंगूस आडवे गेले असता मुले त्यास तोंड दाखविण्याची विनवणी करतात, आणि त्याने मागे वळून पाहिले तर दिवस चांगला जाणार असे मानतात. जगाने ज्याचे नाव आपल्याकडून घेतले, त्याचा स्वभाव तरी आपण नीट जाणून घ्यावा हे योग्य होय.

फेरेटाची कथा निराळी आहे. युरोपातील पोलकॅट नामक रानटी जनावरापासून मनुष्याने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ते माणसाळविले. ख्रिस्तजन्माच्या सुमारास लिहिणाऱ्या स्ट्राबो या ग्रीक भूगोलकाराने, स्पेनमध्ये सशांचा उपद्रव वाढला असता अशा प्राण्यास तोंड बांधून बिळात सोडीत, असे लिहून ठेवले आहे. म्हणजे कुत्रा, मांजर, गाय यांप्रमाणे फेरेट हे शेकडो पिढ्यांचे घरचे जनावर आहे. आपले मुंगूस मात्र एका पिढीचेही घरचे नाही. ते माणसाजवळ राहिले तरी रानाचेच राहते. मुलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे.

माणसाळलेल्या जिवाचा लळा

तरीही मुंगूस लहानपणापासून हाताळले असता फार लळा लावते, ही गोष्ट आम्ही नाकारीत नाही. १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या किपलिंगच्या 'जंगल बुक'मध्ये एका बंगल्यातील मुलास नागांपासून वाचविणाऱ्या मुंगसाची कथा आहे, ती जगभरची मुले वाचतात. हा लेखक मुंबईतच जन्मला होता.

उधन्यातील एका कुटुंबाचे उदाहरण आमच्या पाहण्यातले आहे. गृहस्थ यंत्रमागावर रातपाळी करतात, गृहिणी घरी साड्यांस टिकल्या लावण्याचे काम घेते. पावसाळ्यापूर्वी शेजारच्या शेडचा पाया खणताना मजुरांस एक डोळे नुकते उघडलेले पिलू सापडले. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलाने ते सदऱ्याच्या आत घालून घरी आणले. कापसाच्या बोळ्याने दूध, पुढे अंड्याचा बलक, मग माशाचे तुकडे असे करीत ते वाचले. घरात त्याचे नाव 'सोन्या' पडले. सोन्या मुलाच्या बाहीत निजे. गृहस्थ पहाटे पाळीवरून परत येत तेव्हा मागल्या दोन पायांवर उभे राहून दाराकडे टक लावून बघे. चाळीतील झुरळे दिसेनाशी झाली, मोरीतून येणारे उंदीरही थांबले. त्या मुलाचे शाळेत फारसे कोणी सोबती नव्हते. गावाकडून आलेला, बोलण्यात अहिराणीची छटा असलेला, म्हणून मागे पडलेला. त्या जिवापायी चाळीतली सारी मुले त्याच्या दारी जमू लागली. आनंद यापेक्षा निराळा कोणता असतो?

पण पुढील चार-पाच महिन्यांत पिलू वाढले. करडे मुंगूस हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमीन हुंगत, उकरीत, धुंडाळीत फिरणारे जनावर. दहा बाय बाराच्या खोलीत ते काय धुंडाळणार? डाळीचे डबे पालथे झाले, टिकल्यांच्या पुड्या फाटल्या, गादीतला कापूस बाहेर आला. अंडे मिळाले की ते दोन्ही पुढल्या पायांत धरून मागे, भिंतीवर फेकून फोडावयाचे, हा त्याचा जातिस्वभाव. म्हणून भिंती नेहमी बरबटलेल्या. चिडले म्हणजे शेपटीखालील ग्रंथींतून उग्र वास सोडी. शेजारणीची दोन कोंबडीची पिले गेली, तिची भरपाई द्यावी लागली. इथवर सर्वांनी सोसले.

एके दुपारी शेजारचे दीड वर्षाचे बालक रांगत आले आणि सोन्या माशाचा तुकडा खात असता त्याने हात पुढे केला. मुंगसाने बोटास कडकडून चावा घेतला. रक्त थांबेना. आईबाप मुलास घेऊन इस्पितळात धावले, रेबीज-प्रतिबंधक लस व त्यासोबतचे औषध टोचावे लागले. दोन घरांतील जुना स्नेह एका दुपारीत तुटण्याच्या बेतास आला. त्या संध्याकाळी ती माउली आम्हांस म्हणाली, "फादर, हा जीव घरातला झालाय. टाकू तरी कुठे? आणि ठेवू तरी कसा?"

अखेर वन खात्याची माणसे येऊन मुंगूस घेऊन गेली. मुलगा दोन दिवस जेवला नाही. शेजारचे बालक सुदैवाने बरे झाले. दोन्ही घरांचे येणेजाणे पुन्हा सुरू झाले आहे. परंतु माणसाच्या हाती वाढलेले ते मुंगूस रानात कितपत तरेल, याची शंका तेथील जाणकारांनीही व्यक्त केली. माणसाची भीती न उरलेला वन्यप्राणी पुन्हा माणसाकडेच येतो, आणि पुढल्या वेळी माणूस हाती काठी घेऊन उभा असतो.

दंशाचे भय आणि कायद्याची मर्यादा

वरील प्रसंगातून दोन गोष्टी प्रत्येक घराने ध्यानी धराव्यात. पहिली म्हणजे, मुंगसाच्या चाव्याने रेबीज होऊ शकतो. वेस्ट इंडीजमधील काही बेटांवर तर या रोगाचे मुख्य वाहक मुंगूस हेच आहे. हा रोग एकदा प्रकट झाला की जवळजवळ निश्चित मृत्यू ओढवतो, आणि वेळीच लस घेतली तर तो हटकून टळतो. म्हणून मुंगूस, कुत्रा, मांजर, माकड कोणीही चावले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तंबाखू काहीही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. चाव्यातून रक्त आले असेल तर लसीखेरीज आणखी एक औषध जखमेभोवती टोचावे लागते, ते डॉक्टरांस विचारून घ्यावे, आणि ठरलेल्या तारखांच्या सर्व लशी पुऱ्या कराव्यात.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मुंगूस हा संरक्षित प्राणी आहे. त्यास पकडणे, बाळगणे, विकणे वा मारणे हा गुन्हा असून त्यास तुरुंगवास व दंड होऊ शकतो. गारुडी व मदारी पूर्वी नाग-मुंगसाची झुंज लावीत, तीही याच कायद्याने बंद झाली. हा कायदा इतका कडक का, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण रंगाऱ्याच्या कुंचल्यात आहे. मुंगसाचे केस ताठ व टिकाऊ असल्यामुळे त्यांचे चित्रकारीचे कुंचले बनवितात. एका जनावरापासून थोडेच ग्रॅम उपयुक्त केस निघतात, म्हणून हजारो मुंगसे मारली जातात. २०१९ साली वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने या चोरट्या धंद्याविरुद्ध 'क्लीन आर्ट' या नावाने देशभर धाडी घातल्या. आमच्या शाळकरी वाचकांनी कुंचला घेताना तो कृत्रिम केसांचा आहे याची खात्री करून घ्यावी. हे त्यांच्या हातचे आहे.

मग फेरेट तरी?

कोणी म्हणेल, मुंगसास कायद्याची आडकाठी आहे, तर पैसे साठवून फेरेटच आणावे. त्या घरांस आमची विनंती की आधी पुढील गोष्टींचा विचार व्हावा.

फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपते. जागे असते तेव्हा मात्र त्याच्या अंगात वारे संचारल्यासारखे ते नाचते, उड्या मारते, हाती लागेल ती वस्तू पळवून कोपऱ्यात दडविते. त्याचे इंग्रजी नावच मुळी 'छोटा चोर' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. हे सारे पाहण्यास गोड वाटते. परंतु ते निव्वळ मांसाहारी आहे. भाकरी-भातावर ते जगत नाही, आणि खाल्लेले तीन-चार तासांत पचत असल्याने त्यास दिवसातून अनेकदा मांस द्यावे लागते. ते थंड हवेतील जनावर असल्यामुळे उकाडा त्यास सोसत नाही. तिशीच्या पुढे पारा चढला की त्यास उष्माघाताचे भय असते. उधन्याच्या पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे महिन्यांत काय उकाडा असतो हे तेथील रहिवाशांस आम्ही सांगणे नलगे. माणसास पंखा पुरत नाही, तेथे त्या जिवास वातानुकूलित खोली कोण देणार?

याखेरीज डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा रोग फेरेटास झाला तर ते बहुधा वाचत नाही, म्हणून लस चुकविता येत नाही. मादीची शस्त्रक्रिया केली नाही आणि ती माजावर येऊन तशीच राहिली, तर रक्तक्षय होऊन दगावते. त्याच्या अंगाचा वास आंघोळीने जात नाही. पाळण्यातील मुलाजवळ ते एकटे ठेवणे धोक्याचे आहे. आयुष्य सहा ते आठ वर्षांचे. तेवढी वर्षे मांसाचा, औषधाचा व गारव्याचा खर्च पेलेल काय, या जनावराच्या रोगांचा अनुभव असलेला पशुवैद्य जवळपास आहे काय, आणि विकणाऱ्यापाशी आयातीचे व विक्रीचे खरे कागद आहेत काय, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल त्यानेच पुढचा विचार करावा. आमच्या बहुतेक घरांतून हे उत्तर 'नाही' असेच येईल, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. जो जीव सुखात ठेवता येत नाही तो न आणणे हीच त्याच्यावरची माया होय.

उंदरांवर उतारा कोणता?

मुंगूस पाळू इच्छिणारे बहुतेक जण सांगतात की ते उंदीर व साप मारते. ही गोष्ट खरी आहे. नागाच्या विषास ते पुष्कळ अंशी दाद देत नाही. शास्त्रज्ञांनी दाखविले आहे की, त्याच्या स्नायूंवर ज्या ठिकाणी नागाचे विष चिकटावयाचे, त्या ठिकाणाची घडणच किंचित निराळी असल्याने विषास तेथे थारा मिळत नाही. कोणतीशी मुळी खाऊन ते विष उतरविते ही समजूत मात्र लोककथेतली. परंतु मुंगूस नेऊन सोडले की उपद्रव मिटला, असे मानणाऱ्यांस जगाने मोठा धडा दिला आहे.

१८७२ साली जमैका बेटावरील एका मळेवाल्याने उसातील उंदरांवर उपाय म्हणून हिंदुस्थानातून नऊ मुंगसे नेऊन सोडली. त्यांच्या संततीतून १८८३ मध्ये हवाई बेटांवर मुंगसे गेली. उंदीर संपले नाहीत. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे व त्यांची अंडी मात्र फस्त होऊ लागली. जपानमधील आमामी बेटावर १९७९ साली विषारी सापांसाठी सुमारे तीस मुंगसे सोडण्यात आली. साप रात्री हिंडणारा आणि मुंगूस दिवसा हिंडणारे, तेव्हा दोघांची गाठ पडणार कशी? मुंगसांनी त्या बेटावरील दुर्मीळ ससेच खाल्ले. अनेक वर्षे सापळे लावून, कुत्रे शिकवून, अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जपान सरकारने जाहीर केले. न्यूझीलंडमध्ये सशांवर सोडलेल्या फेरेटांनीही तेथील न उडणाऱ्या पक्ष्यांचा असाच संहार केला, आणि २००२ पासून त्या देशात फेरेट पाळण्यास बंदी आहे. दोष त्या प्राण्यांचा नव्हे. ज्यास जेथे नेमले तेथून उचलून मनुष्याने त्यास भलत्या ठिकाणी ठेवले.

सुरतेला तर हा धडा स्वतःच्या अनुभवाने मिळाला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या वार्तेने हे शहर हादरले, आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. खानदेशच्या गाड्याही तेव्हा भरभरून गेल्या, हे वडीलधाऱ्यांस आठवत असेल. उंदरांचे बळ मोडले ते कोणा पाळीव शिकाऱ्याने नव्हे. १९९५ पासून नगरपालिकेने कचरा रोजच्या रोज उचलण्याचा जो क्रम घातला, त्याने शहराचे रूप पालटले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेस इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला क्रमांक मिळाला. झाकणाचा डबा, बुजविलेले बीळ, उष्टे न टाकलेली मोरी हीच घरची खरी मुंगसे होत.

एक जुनी कथा

मुंगसाची आठवण निघाली की पंचतंत्रातील कथा सर्वांस आठवते. बाळास राखणाऱ्या मुंगसाने सापास मारले, आणि त्याचे रक्ताळलेले तोंड पाहून आईने उतावीळपणे त्यालाच ठार केले. ही कथा फारसी व अरबी भाषांतून पश्चिमेकडे गेली. तेथे मुंगूस ठाऊक नसल्याने त्याच्या जागी कुत्रा आला. तेराव्या शतकात फ्रान्समधील लियों शहराजवळच्या खेडुतांनी तर अशाच एका कुत्र्यास 'संत गिनफोर' म्हणून भजण्यास आरंभ केला. आजारी मुले घेऊन आया त्याच्या थडग्याशी जात. एतिएन द बुर्बों या डोमिनिकन धर्मगुरूने तो प्रकार बंद पाडण्यासाठी कुत्र्याची हाडे उकरून जाळविली आणि तेथील झाडेही तोडविली. जनावरास संत करणे ही चूक तर होतीच. पण त्या अडाणी आयांना एवढे खचित कळले होते की, मुक्या जिवाचेही उपकार असतात आणि उतावीळपणे केलेला अन्याय पुढे मनास खातो.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील मुंगूसही असेच बोलके आहे. अर्धे अंग सोन्याचे झालेले ते मुंगूस धर्मराजाच्या महायज्ञात लोळून सांगते की, उपाशी ब्राह्मणाने अतिथीस दिलेल्या मूठभर सातूच्या पिठाची सर या यज्ञास नाही. शुभवर्तमानातील विधवेच्या दोन दमड्यांची आठवण करून देणारी ही गोष्ट आमच्या घरांतून मुलांस अवश्य सांगावी.

पिलू सापडल्यास

आता प्रत्यक्ष कर्तव्य. मुंगसाचे पिलू एकटे दिसले म्हणजे ते अनाथच असते असे नाही. आई जवळपास असते व माणसे दूर गेली की त्यास घेऊन जाते. म्हणून त्यास हात न लावता कुत्री-मांजरे आवरावी, मुलांस मागे घ्यावे आणि दुरून पाहावे. बीळ खणले गेले असेल तर पिलू जाड फडक्याने उचलून त्याच जागेजवळच्या आडोशाला ठेवावे. संध्याकाळपर्यंत आई आली नाही, किंवा पिलू जखमी असेल, तर गुजरातेत १९६२ या व महाराष्ट्रात वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. गाईचे दूध पाजू नये, त्याने पोट बिघडते. खोक्यास भोके पाडून ते शांत, सावलीच्या जागी ठेवावे आणि माणसे येईपर्यंत कोणी त्याशी खेळू नये.

आणि ज्या घरात मुलास जनावराची आवड आहे, तेथे ती आवड मारू नये. गावी शेळी, कोंबडी, कुत्रा आहेच. शहरातल्या चाळीत एखादे रस्त्यावरचे मांजर लस टोचून सांभाळता येते, पाखरांसाठी पाण्याचे भांडे ठेवता येते. सोन्याच्या त्या मुलाने हल्ली एक वही केली आहे. शाळेला जाताना रूळांच्या कडेच्या गवतात मुंगूस दिसले की तो तारीख, वेळ व जागा टिपून ठेवतो. परवा ती वही त्याने आम्हांस दाखविली. एका सकाळी एक मोठे मुंगूस आणि त्याच्यामागे ओळीने तीन पिले अशी नोंद तीत आहे. खाली त्याने लिहिले आहे, "कोणालाही सांगितले नाही."